पुढचा ब्रेक कुईं करतोय म्हणून लगेच पॅड बदलू नका

पहिली गोष्ट, डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या त्या गोल पत्रीवर, ऑइल सोडू नका. हसू नका, असं सांगणारी माणसं आहेत. साताऱ्यात आमच्या शाहूपुरीत शेजारी एक काका आहेत, लूनापासून बुलेटपर्यंत सगळं चालवून झालेलं, माणूस एकदम दिलदार, पण माझी मोटरसायकल गल्लीत वळताना पुढचा ब्रेक किंचाळला की ते कट्ट्यावरनं आवाज देणार, "अरे जरा ऑइल सोड की तिथं, किती दिवस ऐकवणारेस आम्हाला?" त्यांच्या जागी त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, चेन करकरली की ऑइल, स्टँड करकरला की ऑइल, मग ब्रेकनं काय पाप केलंय. फक्त ब्रेकचं कामच घासण्याचं आहे, ते घासणं बंद केलं की आवाज थांबेल आणि गाडी थांबायची नाही. आणि डिस्कला दोन्हीकडून दाबणारे पॅड, त्यांचा मसाला म्हणजे घासणारा थर आतून सच्छिद्र असतो, एकदा तेल प्यायला की ते परत निघत नाही, कितीही धुवा, पॅड कचऱ्यात.

दुसरी गोष्ट, आणि हीच खरं तर लिहायची होती, ती म्हणजे लगेच नवीन पॅडही आणू नका. आवाज आला की गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं, "पॅड गेलेत, टाकून देऊ." माझ्या मेव्हण्याच्या गाडीला असेच पॅड टाकले, आवाज गेला, सगळे खूश, पुढच्या पावसात परत कुईं चालू, परत पॅड टाकले. काढलेले पॅड त्यानं मला दाखवले तर अर्धेसुद्धा झिजले नव्हते. नवीन पॅड टाकताना कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, उघडला जातो, थोडी झाडपूस होते, पॅडचा पृष्ठभाग कोरा असतो, म्हणून काही दिवस आवाज जातो आणि श्रेय पॅडला मिळतं. मूळ दुखणं आतच राहतं.

आता आधी आवाज कुठला ते नीट ऐका, कारण सगळे आवाज एक नसतात. कुईं म्हणजे बारीक, उंच, शिट्टीसारखा सूर, गाडी अगदी हळू असताना, म्हणजे सिग्नलला येता येता, लिव्हर हलका दाबला की येतो आणि जोरात दाबला की बऱ्याचदा बंद होतो. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात, मागं कोणी नाही बघून हलका ब्रेक मारा, दोन्हीकडच्या भिंती तो आवाज असा परत देतात की शंकाच राहत नाही. ह्या आवाजात घाबरण्यासारखं फार काही नसतं. पण खरखर येत असेल, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी, लिव्हर जोरात दाबला की वाढणारी, तर पुढचं वाचत बसू नका, गाडी बाजूला लावा. मसाला संपून पाठीमागची पत्री डिस्कला लागलीय, पॅड तर गेलेच, आता डिस्क कातली जातेय. आणि तिसरा प्रकार, चाकाच्या फेऱ्याबरोबर तालात येणारी टिकटिक किंवा लिव्हरमध्ये बोटांना जाणवणारी धडधड, ती डिस्क वाकल्याची किंवा कमीजास्त जाड झाल्याची खूण, त्याला घरी उपाय नाही. मी लिहितोय ते फक्त कुईंबद्दल.

हा कुईं येतो कसा ते समजलं की पुढचं सगळं काम आपोआप समजतं. पॅड डिस्कवर सलग घासतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तो क्षणभर चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, परत सुटतो, आणि हे सेकंदाला काही हजार वेळा चालतं. त्या थरथरीला पॅड, कॅलिपर, डिस्क सगळे साथ देतात आणि डिस्क एवढी मोठी गोल पत्री, ती आवाज बाहेर फेकते. शाळेत खडू फळ्यावर उभा धरला की कसा किंचाळायचा आणि जरा तिरका केला की गप्प, ते हेच प्रकरण. ब्रेकचा कुईं साधारण १,००० ते १६,००० हर्ट्झच्या मधे कुठंतरी असतो, आणि माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो २,००० ते ५,००० च्या आसपास, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही एवढी थरथर कानाला मात्र नको जीव करते. म्हणून आवाज मोठा आहे याचा अर्थ ब्रेक कमी लागतोय असा होत नाही. गाडी बहुतेक वेळा तेवढ्याच अंतरात थांबते, फक्त बोंबलत थांबते.

ही बोंब जुनीच आहे बरं का. डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्लिश इंजिनिअरनं १९०२ मध्ये घेतलं, तेव्हा त्यानं डिस्कवर घासायला तांब्याचे पॅड वापरले होते, तांबं लोखंडावर, आवाजाची कल्पना करा. पुढं हर्बर्ट फ्रूडनं अस्तर म्हणून ॲस्बेस्टॉस लावलं तेव्हा तो प्रकार सुसह्य झाला. हा फ्रूड म्हणजे फेरोडो कंपनीवाला, आणि त्याची गोष्ट अशी सांगतात की डर्बिशायरच्या डोंगराळ रस्त्यावर उतरताना घोडागाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटाचं कातडं मारायचे ते बघून त्याला हा धंदा सुचला. म्हणजे तिथंही घाटातल्याच लोकांनी शोध लावला. मोटरसायकलवर पुढचा हायड्रॉलिक डिस्क मोठ्या संख्येनं आला तो १९६९ च्या होंडा सीबी ७५० मुळं. ॲस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसाला घातक म्हणून आता पॅडवर नॉन ॲस्बेस्टॉस लिहिलेलं असतं, पण बाजारात कुठून काय येतं सांगता येत नाही, त्यामुळं ब्रेकची काळी धूळ तोंडानं फुंकायची नाही, हवेच्या पाइपनं उडवायची नाही, मास्क लावायचा आणि ओल्या फडक्यानं पुसायची.

आता आपल्या साताऱ्याचं बोलू. इथं ब्रेक ओरडायला कारणांची कमी नाही. पावसाळ्यात कासच्या बाजूला जाऊन आलं की गाडीला तो जांभ्याचा तांबडा चिखल लागतो, तो वाळला की बारीक भुकटी होते, ती कॅलिपरच्या आत पॅडच्या मागं जाऊन बसते. धुकं आणि ओल तर विचारूच नका. मोटरसायकलची डिस्क स्टेनलेसच्या एका जातीची असते, कारच्या बिडाच्या डिस्कसारखी रात्रीत लाल होत नाही, पण पॅडमधले लोखंडी कण गंजून तिच्यावर पॅडच्या आकाराचा तपकिरी छाप उमटतो आणि सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला कुईं येतो. तेवढाच येऊन जात असेल तर काहीही करू नका, तो आजार नाही.

खरं नुकसान करतो तो घाट. यवतेश्वरचा घाट उतरताना निम्मी जनता गाडी चौथ्या-पाचव्यात ठेवून, काही तर न्यूट्रलला टाकून, पुढचा ब्रेक हलका हलका धरून खाली येते. पेट्रोल वाचतं म्हणे. सतत हलका धरलेला ब्रेक म्हणजे पॅड तापत राहतो, तेवढा झिजत मात्र नाही, आणि त्या उष्णतेनं मसाल्याचा वरचा थर भाजून काचेगत गुळगुळीत होतो. ह्याला ग्लेझिंग म्हणतात आणि कुईंचं हे एक नंबरचं कारण. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, वेग इंजिनला धरू दे, ब्रेक मारायचा तेव्हा ठामपणे मारा आणि सोडा. सज्जनगडावरून उतरताना असो की पसरणी घाटात, नियम एकच.

आणि वॉशिंग सेंटर. ह्यांच्यावर वेगळी पोस्ट होईल. प्रेशर गन कॅलिपरवर तोंडापुढं धरून मारतात, त्यानं रबराच्या बुटांच्या, म्हणजे कॅलिपरच्या पिनांवरच्या रबरी टोप्यांच्या, आतलं ग्रीस निघून जातं आणि पाणी आत जातं. वर शेवटी गाडी चमकावी म्हणून फवाऱ्यानं डिझेल किंवा कसलं तरी पॉलिश मारतात, सरसकट, टायर, रिम, डिस्क सगळं. गाडी लय भारी दिसते, आणि पहिल्या चौकात ब्रेक लागत नाही. मी आता आधीच सांगतो, "दादा, पॉलिश मारू नका, डिझेल नको, पैसे तेवढेच घ्या." ते माझ्याकडं विचित्र नजरेनं बघतात, बघू देत.

तर माझी गाडी. दीडशे सीसीची, पुढं डिस्क, मागं ड्रम, कॅलिपर दोन पिस्टनचा पण एकाच बाजूला, म्हणजे तरंगता कॅलिपर, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना असाच असतो. तरंगता म्हणजे पिस्टन, ऑइलच्या दाबानं पुढं येणारा दट्ट्या, एका बाजूनं पॅड ढकलतो, आणि त्याच धक्क्यानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर उलट्या दिशेला सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड ओढून आणतो. त्या पिना म्हणजे ह्या सगळ्याचा जीव. पिना कोरड्या पडल्या, गंजल्या की कॅलिपर नीट सरकत नाही, एक पॅड काम करतो, दुसरा नुसता सोबत, आणि ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला टेकून राहतो. मग तापणं, ग्लेझिंग, कुईं, सगळी माळ. गाडी हातानं ढकलून बघितली तर जड जात होती, तिथंच मला वाटलं पिना बघायला पाहिजेत.

आमचे गोडोलीचे मिस्त्री, ज्यांच्याकडं मी वर्षानुवर्षं जातो, त्यांना फोन करून विचारलं की घरी उघडू का. ते म्हणाले, "उघडा की सर, त्यात काय हाय. फक्त कॅलिपर भायेर आसताना लिव्हर कुनाला दाबू देऊ नका, मग माझ्याकडं यावं लागंल." एवढ्या एका वाक्यात निम्मं मॅन्युअल आलं.

सामान फार लागत नाही. कॅलिपरच्या बोल्टला बऱ्याच गाड्यांना १२ नंबरचा पाना बसतो, काहींना १४, पॅडच्या पिनेला ५ नंबरची ॲलन की. ब्रेक क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, भांड्याचा लिक्विड साबण, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, फरशीचा सपाट तुकडा, आणि सिलिकॉनचं ब्रेकचं ग्रीस. हे शेवटचं मिळवायला जरा हिंडावं लागतं, दुकानदार बेअरिंगचं पिवळं ग्रीस पुढं करतो आणि म्हणतो सगळं एकच असतं. एकच नसतं. साध्या पेट्रोलियम ग्रीसनं ब्रेकमधलं रबर फुगतं, बूट सैल होतात, पिना परत अडकतात आणि ह्या वेळी जास्त वाईट अडकतात. ब्रेकसाठी लिहिलेलं छोटं पाकीट मागा, एक पाकीट वर्षभर पुरतं.

सुरुवात करताना कॅलिपर अजून गाडीवर बसलेला असतानाच पॅडच्या पिना ॲलन कीनं नुसत्या सैल करून घ्यायच्या, कारण कॅलिपर एकदा हातात आला की त्या घट्ट पिना सोडवताना धरायला काही राहत नाही. मग दोन मोठे बोल्ट काढायचे आणि कॅलिपर डिस्कवरून मागं ओढून घ्यायचा. तो रबरी नळीवर लटकत सोडायचा नाही, सुतळीनं हँडलला बांधून ठेवायचा. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, असेल तर चाकाजवळची ती जाळीदार रिंग आणि सेन्सरची वायर सांभाळून. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळं आता बऱ्याच जणांना ते असणारच. पॅड काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, आत एक पातळ पत्र्याची स्प्रिंग असते, तिची कुठली बाजू वर होती हे नंतर देवालाही आठवत नाही. आणि लिव्हर. माझ्या पुतण्याला गाडीचा लिव्हर दिसला की दाबायचाच असतो, म्हणून मी हँडल आणि लिव्हरच्या मधे लाकडाचा तुकडा अडकवून वर चिकटपट्टी मारली. कॅलिपर बाहेर असताना लिव्हर दाबला तर पिस्टन पुढं पुढं येतो आणि शेवटी ऑइलसकट बाहेर पडतो.

पॅड बाहेर काढल्यावर सगळी गोष्ट पॅडच सांगतात. माझ्या गाडीला पिस्टनच्या बाजूचा पॅड बराच झिजलेला आणि दुसऱ्या बाजूचा जवळपास नवा. म्हणजे कॅलिपर सरकतच नव्हता. दोन्ही पॅडचा पृष्ठभाग काळपट चकचकीत, नखानं ओरखडा उठत नव्हता. मसाला मात्र दोन्हीकडं पुरेसा शिल्लक, मधली खाच स्पष्ट दिसत होती. ती खाच म्हणजे झिजेची खूण, ती दिसेनाशी व्हायला आली किंवा मसाला दीड-दोन मिलिमीटरवर आला की मग खुशाल नवीन आणा, तिथं काटकसर नको.

मग ज्यांच्यावर कॅलिपर सरकतो त्या पिना काढायला गेलो तर एक सहज निघाली आणि दुसरी हलायला तयार नाही. ओढून, फिरवून, थोडी थोडी करत बाहेर आली, अंगावर तपकिरी गंज आणि ग्रीसच्या जागी काळी वाळलेली खपली. हेच ते दुखणं. पिना स्कॉचब्राइटनं घासून स्वच्छ केल्या, ज्या भोकात बसतात ती भोकं फडक्याच्या वातीनं आतून पुसून काढली, रबरी बूट फाटलेत का ते बोटानं ताणून बघितलं. बूट फाटला असेल तर बाकी सगळं केलेलं एका पावसात पाण्यात जातं, त्यामुळं बुटांचं किट बदलायचंच. मग पिनेला सिलिकॉन ग्रीस, पातळ हात, थापायचं नाही, आत बसवताना बूट जरा चिमटीत दाबून अडकलेली हवा सोडायची. हे झाल्यावर कॅलिपरचा ब्रॅकेट एका बोटानं पुढंमागं सरकायला लागला. अक्षरशः एका बोटानं. तिथंच समाधान झालं खरं तर.

पिस्टनकडं लोक दुर्लक्ष करतात, तुम्ही करू नका. ड्रम ब्रेकला लायनर मागं खेचायला स्प्रिंग असते, डिस्कच्या पिस्टनला तशी स्प्रिंग नसते. त्याच्या भोवती चौकोनी कडेची एक रबरी रिंग असते, ब्रेक मारला की ती पिस्टनबरोबर थोडी पिळवटते आणि सोडला की परत सरळ होताना पिस्टनला किंचित मागं घेते, एवढ्याशा हालचालीवर सगळा खेळ. पिस्टनवर चिखल वाळला की ती रिंग त्याला ओढू शकत नाही. म्हणून पिस्टन मागं दाबायच्या आधी साबणाचं पाणी आणि टूथब्रश घेऊन बाहेर आलेला भाग गोल फिरवत साफ करायचा, घाण तशीच आत ढकलली तर तीच घाण सील कापते. साफ झाला की हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून लेव्हल बघत बघत अंगठ्यानं सावकाश आत दाबायचा. मधे कोणी डबीत ऑइल भरलं असेल तर ते वर येऊन सांडतं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं, टाकीवर पडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

आता पॅड. फरशीवर १२० चा पेपर उलगडून ठेवायचा आणि पॅड त्याच्यावर सपाट धरून गोल गोल फिरवायचा, चकाकी जाऊन सगळीकडं एकसारखा मॅट रंग येईपर्यंत. पेपर हातात धरून पॅडवर घासू नका, कडा उतरतात आणि मधे फुगवटा राहतो. मधली खाच हॅक्सॉ ब्लेडच्या टोकानं कोरून मोकळी करायची. मग मसाल्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेला पेपरवर तिरकं धरून हलकीशी उतरण द्यायची, मिलिमीटरभर पुरे. धारदार कड डिस्कला आधी पकडते आणि तिथनं थरथर सुरू होते, कड तिरकी केली की ते कमी होतं. नवीन पॅडना कंपन्या बऱ्याचदा ही उतरण देऊनच पाठवतात.

पॅडवर तेल लागलं असेल तर गॅसवर भाजून काढणारे महाभाग मी बघितलेत. व्हिडिओ पण आहेत. तेल धूर होऊन निघतं थोडंफार, पण मसाला पत्रीला ज्या चिकटवणीनं बसवलेला असतो तिचं काय होतं ते कोणी सांगत नाही. खंबाटकी घाट उतरताना मसाला पत्रीपासून सुटला तर? तेल लागलेला पॅड फेकायचा, विषय संपला. आणि तेल आलं कुठून तेही बघायचं. शॉकअपचं ऑइल सील गळत असेल तर ऑइल नळीवरून ओघळत बरोबर कॅलिपरवर येतं, मग तुम्ही सोन्याचे पॅड टाकले तरी ओरडणार.

डिस्कला फार काही नसतं. २२० च्या पेपरनं दोन्ही बाजूंनी छोटे छोटे गोल फिरवत हलकं घासायचं, म्हणजे जुन्या पॅडचा बसलेला थर निघतो, भोकांत अडकलेली घाण काडीनं काढायची, मग ब्रेक क्लीनर मारून स्वच्छ कोरड्या फडक्यानं पुसायचं, फडकं काळं येईनासं होईपर्यंत. नंतर बोटं लावायची नाहीत. डिस्कवर कुठंतरी बारीक अक्षरात मिनिमम थिकनेस कोरलेला असतो, आमच्यासारख्या गाड्यांना नवीन डिस्क साधारण ४ मिलिमीटरची आणि मर्यादा साडेतीनच्या आसपास, पण आपल्या डिस्कवरचाच आकडा खरा. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, असेल तर मोजा. कडेला नख अडकेल एवढी पायरी झाली असेल तर डिस्क झिजलीय हे समजून घ्या.

परत बसवताना पॅडच्या पाठीला, म्हणजे जिथं पिस्टन टेकतो त्या पत्रीला, कॉपर ग्रीसचा अगदी पुसट हात. पाठीला. मसाल्याच्या बाजूला चुकूनही नाही. ते ग्रीस आणि मधली पातळ शिम पत्री थरथर शोषून घेतात, म्हणून पॅड बदलताना मिस्त्रीनं शिम फेकून दिली असेल तर कुईं येणारच, ती मागून घ्या. फोटो बघून स्प्रिंग बसवा, पॅडच्या पिना घाला, कॅलिपर डिस्कवर चढवा, बोल्ट घट्ट. किती घट्ट ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं, टॉर्क पाना नसेल तर हातानं आवळून मिस्त्रीकडं एकदा दाखवून घेतलेलं बरं, हा बोल्ट म्हणजे नंबर प्लेटचा बोल्ट नव्हे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडीवर बसून, गाडी सुरू न करता, लिव्हर दाबा. तो थेट हँडलला जाऊन टेकेल, कारण पिस्टन आपण मागं ढकललेत. परत दाबा, परत, परत, लिव्हर कडक लागेपर्यंत. हे न करता गाडी गेटाबाहेर काढली तर पहिल्या वळणावर हातात ब्रेकच नसतो. डबीची लेव्हल बघा, झाकण लावा, गाडी ढकलून ब्रेक मारून बघा, मगच किल्ली लावा.

काम संपलं असं वाटतं, पण पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायचे असतात. मी रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यावर गेलो, ट्रक नसतात, रस्ता सरळ. चाळीस-पन्नासचा वेग घ्यायचा, मध्यम जोरानं ब्रेक मारून दहा-पंधरावर आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग, असं आठ-दहा वेळा, हळूहळू जोर वाढवत. मधे मधे थोडं तसंच चालवून गार होऊ द्यायचं. पूर्ण थांबून तापलेला पॅड डिस्कवर दाबून धरला तर तिथं मसाल्याचा ठसा बसतो आणि लिव्हरमध्ये धडधड सुरू होते. सुरुवातीला ब्रेक जरा बोथट वाटला, मग प्रत्येक वेळी चावा वाढत गेला. कुईं नाही. परत येताना मुद्दाम ग्रेड सेपरेटरमधनं आलो, हलका ब्रेक मारला, नुसता टायरचा आवाज.

त्यानंतर गाडीनं पाऊसही खाल्ला, कासलाही जाऊन आलो, सकाळी ओल असली की एक-दोनदा बारीक कुईं येतो आणि जातो. मी त्याच्या मागं लागत नाही. दर पावसाळ्यानंतर पिना काढून परत ग्रीस करायच्या एवढं ठरवलंय, तासाभराचं काम आहे.

हे सगळं करूनही आवाज राहिला तर मग पॅडच्या जातीकडं बघा. सिंटर्ड म्हणजे धातूची भुकटी दाबून केलेले पॅड पावसात आणि तापल्यावर चांगले लागतात पण मुळातच जास्त बोलतात, रेझिनचे ऑरगॅनिक पॅड मऊ आणि शांत पण लवकर झिजतात. रोज राजवाडा ते एमआयडीसी एवढंच फिरणाऱ्याला सिंटर्डची काही गरज नाही, गाडीबरोबर कंपनीनं ज्या जातीचे दिलेत त्याच जातीचे घ्या. लोकल बाजारातले फारच स्वस्त पॅड मी घेत नाही, त्यांचा मसाला कधी दगडासारखा कडक निघतो आणि कुईं तर येतोच वर डिस्कही खातो.

एक राहिलं, ब्रेक ऑइल. त्याचा कुईंशी संबंध नाही पण डबी उघडलीच आहे तर रंग बघा. नवीन ऑइल फिकट पिवळं असतं, चहाच्या रंगाचं झालं असेल तर बदलायची वेळ आली. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, कोऱ्या डॉट ४ चा (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) उत्कलनबिंदू कमीत कमी २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी प्यायलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि घाटात ब्रेक तापून आत वाफ झाली की लिव्हर मऊ पडतो. साधारण दोन वर्षांनी बदलतात. डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं, तेच घालायचं, डॉट ५ सिलिकॉनचं असतं ते आपल्या गाडीत अजिबात घालायचं नाही. हे काम मात्र मी मिस्त्रींकडूनच करून घेतो, नळीत हवा राहिली तर परत सगळं काढावं लागतं आणि एबीएसवाल्या गाडीत ती हवा काढणं घरच्या हत्यारांनी होत नाही कधी कधी.